वाडीच्या घाटावरची सरबत्ती

नरसोबाच्या वाडीला जाणारी माणसे साधारणपणे तीन कारणांनी जातात. कोणाचा नवस असतो, कोणाला पौर्णिमेची वारी चुकवावयाची नसते, आणि कोणाला बासुंदीची आठवण झालेली असते. हे तिसरे कारण कोणी उघड सांगत नाही इतकेच. या तिन्ही कारणांनी मी आजवर वाडीला जाऊन आलो आहे. गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला गेलो तो मात्र निराळ्याच कारणाने. आमच्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी, आपण होऊन फोन केला आणि म्हणाले, “वाडीला जाऊन येऊ. बरोबर तू चल. दुसरे कोणी नको.”

माझ्या वाचकांना यात नवल वाटण्याजोगे काही दिसणार नाही. दोघे म्हातारे भाऊ देवदर्शनाला निघाले, त्यात काय? पण अण्णांनी मला आपण होऊन काही सांगावे, ही गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षांत घडली नव्हती. लग्नकार्यात आम्ही भेटत होतो, एका पंक्तीला बसत होतो, प्रकृतीची विचारपूस करीत होतो. त्यापलीकडे नाही. त्याचे कारण १९७४ सालच्या आषाढात मिरजेच्या आमच्या घराच्या अंगणात घडलेला एक प्रसंग. तो पुढे येईलच.

अण्णा नौदलात गोलंदाज होते. अठराव्या वर्षी भरती झाले ते केस पिकल्यावर परत आले. वहिनींचे माहेर मालवणचे, म्हणून निवृत्तीनंतर तिथेच राहिले. समुद्र दिसला नाही तर त्यांना झोप येत नाही, असे वहिनी म्हणत. अशा माणसाने गगनबावड्यावरून घाट चढून कोल्हापुरास यावे, आणि तिथून पुन्हा पंचेचाळीस किलोमीटरवरच्या वाडीला चलण्याचा आग्रह धरावा, म्हणजे काहीतरी आहे हे मी ओळखले. मी मराठीचा मास्तर. पस्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यात घालवली. वाटेत मी मनातल्या मनात अण्णांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी करीत होतो. यादी जुनीच होती. फक्त क्रम लावावयाचा होता.

वाडीचे वर्णन नव्याने करावे असे नाही. पश्चिमेकडून आलेली पंचगंगा इथे कृष्णेला मिळते. दोन नद्यांच्या बेचक्यात हे लहानसे गाव, आणि घाटाच्या पायऱ्यांलगत दत्ताचे देऊळ. देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधविले, असे सांगतात. बांधणीकडे पाहिले म्हणजे ते पटतेही. आत मूर्ती नाही, पादुका आहेत. नृसिंह सरस्वतींनी इथे औदुंबराखाली बारा वर्षे वास केला आणि जाताना पादुका ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात कृष्णा चढते, उत्तरेच्या बाजूने देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या वेळी स्नानाला झुंबड उडते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. इतर गावांत पूर आला की लोक देवाकडे धाव घेतात. इथे नदीच देवाच्या दर्शनाला येते आणि देव तिला वाट देऊन बाजूला होतो.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे जेवण व्हावयाचे होते. ज्यांच्याकडे उतरलो ते गृहस्थ बोलके होते. अण्णांचा ताठ कणा आणि मनगटावरचे निळे गोंदण पाहून त्यांनी विचारण्यास आरंभ केला. आपण कुठले? नोकरी कुठे? लढाई पाहिली का? किती बोटी? समुद्रात जेवण कसले? वादळात भीती वाटते का? मुले किती? अण्णा भाताचा घास हातात धरून बसले. मी हसून म्हटले, “अहो, त्यांना जेवू द्या. किती ही प्रश्नांची सरबत्ती!”

अण्णांनी घास खाली ठेवला. “सरबत्ती?” ते म्हणाले. “मास्तर, ही सरबत्ती नव्हे.”

“नव्हे म्हणजे? मराठीत असेच म्हणतात.”

“मराठीत काहीही म्हणोत. तोफेवर मी होतो की तू?”

एवढे बोलून ते बासुंदीकडे वळले. वाडीची बासुंदी पानात असताना शब्दार्थाचा वाद घालू नये, एवढी समज मलाही होती.

मात्र विषय डोक्यातून जाईना. विडा झाल्यावर मी तो पुन्हा काढला. सरबत्ती हा शब्द आपण रोज वापरतो. विधानसभेत आरोपांची सरबत्ती होते, वर्गात प्रश्नांची होते, भाऊबंदकीत शिव्यांची होते. पण यातली बत्ती कोठली, याचा विचार कोण करतो? ती आहे तोफेची. जुन्या तोफेच्या मागल्या अंगाला वर एक बारीक भोक असे. त्याला तोफेचा कान म्हणत. शत्रूची तोफ निकामी करावयाची झाल्यास या कानात खिळा ठोकीत. त्या कानात बारीक दारू भरावयाची, ती रंजक. आणि जळत्या दोरीने, म्हणजे जामगीने, रंजक पेटवावयाची. याचे नाव तोफेला बत्ती देणे. अशा अनेक तोफांना एकदम बत्ती दिली म्हणजे झाली सरबत्ती. आता ‘सर’ कोठला? ‘तोफ सर करणे’ म्हणजे उडविणे, हा फारसीतून आलेला प्रयोग आपल्या जुन्या कागदांत आहे. पण मोत्यांचा सर आहे, पावसाची सर आहे. मला आपला तो ओळीचा सर जवळचा वाटतो.

“ओळीचा,” अण्णा म्हणाले. “हे मात्र बरोबर बोललास. चल घाटावर. पणत्या घे.”

त्रिपुरी पौर्णिमा असल्याने पणत्यांना तोटा नव्हता. आम्ही डझनभर घेतल्या, वाती आणि तेल घेतले, शिवाय पेढ्यांचा एक पुडा घेतला. ऊन उतरले होते. पायऱ्यांवर बायका दिव्यांची मांडामांड करीत होत्या. अण्णांनी एक कोरडी पायरी पाहिली आणि तिच्यावर सहा पणत्या एका रेषेत, वीतवीत अंतरावर मांडल्या.

“ही जहाजाची एक कूस,” ते म्हणाले. “जुन्या लाकडी जहाजाची. तोफा पुढे नाहीत, मागे नाहीत; दोन्ही कुशींना, ओळीने. मोठ्या जहाजावर असे दोन-दोन, तीन-तीन मजले असायचे. आता तू कप्तान आहेस. हुकूम दे.”

“बत्ती द्या,” मी म्हटले.

“सगळ्यांना एकदम?”

“एकदम. म्हणजेच सरबत्ती ना?”

“झाली सरबत्ती,” अण्णा म्हणाले. “आवाज झाला, धूर झाला. धुरात तुला समोरचे काही दिसत नाही. प्रत्येक तोफेचा धक्का मागे बसतो. एका तोफेचा बसला तर दोर सांभाळतात. एका कुशीच्या सगळ्या तोफांचा एकाच क्षणाला बसला की जहाजाच्या फासळ्या करकरतात. आणि आता तुझ्या सहाही तोफा रिकाम्या. नळी ओल्या बोळ्याने पुसायची, दारूची थैली सारायची, गोळा सारायचा, गजाने ठासायचा, तोफ ओढून पुन्हा तोंडाशी आणायची, रंजक भरायची. माणसे कसलेली असली तरी दीड-दोन मिनिटे गेली. कच्ची असली तर विचारूच नको. तेवढा वेळ तू नुसता लाकडाचा ओंडका.”

मग त्यांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि तो पणत्यांसमोरून हळूहळू सरकवू लागले. हे शत्रूचे जहाज. आपण चालतो आहोत, तेही चालते आहे. सहाही तोफा एकाच वेळी त्याच्यावर रोखलेल्या असतील असे कधी होते का? पहिल्या पणतीसमोर पुडा आला तेव्हा त्यांनी तिला काडी लावली. पुडा पुढे सरकला, दुसरीसमोर आला, दुसरी पेटली. मग तिसरी, मग चौथी. सहावी पेटेपर्यंत पुडा ओळीच्या टोकाला गेला होता.

“जी तोफ निशाणावर येईल तिलाच बत्ती. बाकीच्यांनी जामगी हातात धरून गप्प उभे राहायचे. शहाणा कप्तान असाच हुकूम द्यायचा. यात एकही गोळा फुकट जात नाही, लाकूड फाटत नाही, आणि शेवटची तोफ उडते तोवर पहिली पुन्हा भरायला घेतलेली असते. आवाज कमी होतो म्हणशील, तर होतो. पण लढाई आवाजाने जिंकत नाहीत.”

हेच इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारला केले. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ जहाज फ्रेंचांच्या ‘ब्यूसांतोर’च्या पिछाडीला आडवे गेले आणि एकेक तोफ त्या काचेच्या खिडक्यांसमोर येईल तशी उडत गेली. पिछाडीतून शिरलेला गोळा जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. लाकडी जहाजाची कूस भक्कम असते, पाठ उघडी असते.

“पण ही विद्या त्यांनाच होती असे समजू नकोस,” अण्णा म्हणाले. मालवणला राहून त्यांनी वाचन बरेच केले होते, हे माझ्या ध्यानात आले. त्यांनी सांगितले ते मी पुढे घरी येऊन ताडून पाहिले.

मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते यांचे वर्णन अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. गुराबेला दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तिची नाळ, म्हणजे पुढले तोंड, लांब आणि निमुळते. आणि सर्वांत मोठ्या दोन तोफा या तोंडाशी, सरळ पुढे मारा करणाऱ्या. गलबते लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, हलक्या तोफांची. वारा पडला की मोठी परदेशी जहाजे जागच्या जागी डुलत राहत. मग गलबते वल्ही मारीत गुराबांना दोरांनी ओढून नेत, तीही शत्रूच्या पिछाडीकडे, जिथे त्याच्या कुशीवरच्या तोफा पोचत नाहीत अशा बाजूने. तिथून पुढल्या तोफांनी डोलकाठ्या आणि परबाणे पाडावयाची. जहाज लुळे पडले की गलबतांनी चहूकडून भिडून वर चढावयाचे. म्हणजे सरबत्ती ही परक्याची ताकद होती, आणि तिच्या समोर न येणे ही आपली.

हे नेहमीच साधले असे मात्र नाही, आणि अण्णांनी तेही लपविले नाही. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे खांदेरीजवळ मराठी आरमार इंग्रजांवर चालून गेले. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, लहान होड्यांनी पळ काढला. एकटे ‘रिव्हेंज’ उभे राहिले. त्यावरच्या केग्विन नावाच्या दर्दी लढवय्याने घाई केली नाही; गलबते जवळ येऊ दिली आणि मग मारा केला. त्या दिवशी मराठ्यांना माघार घ्यावी लागली. पण शिवाजी महाराजांनी खांदेरी सोडली नाही. रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, जिथे मोठ्या जहाजाला शिरता येत नाही अशा वाटांनी लहान होड्या बेटावर दाणागोटा पोचवीत राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांनीच वेढा उठविला. ‘रिव्हेंज’ने लढाई जिंकली, बेट मात्र मराठ्यांचेच राहिले.

वाडीच्या घाटावर बसून समुद्राच्या गोष्टी कसल्या, असे कोणी म्हणेल. पण हा मुलूख समुद्राला अगदीच परका नाही. मालवणचा सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला आणि कोल्हापूरला स्वतःचे आरमार होते. त्याचा इंग्रजांना इतका जाच झाला की १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी तो परत करावा लागला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे गेले. आरमार कसे राखावे हे ज्या आज्ञापत्रात सांगितले आहे, ते १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य बावड्याचे. म्हणजे ज्या गगनबावड्यावरून अण्णा आदल्या दिवशी आले, तिथले. त्या आज्ञापत्रात जहाजांसाठी लाकूड तोडण्याचाही विचार आहे. रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती मुलांसारखी वाढवलेली असतात, अशी त्याची समजूत आहे. तोफांची भाषा जाणणाऱ्या माणसाने झाडाच्या मालकाचे मनही जाणावे, याचे मला कौतुक वाटते.

कोल्हापूरचे आरमार पश्चिमेला होते. कोल्हापूरचे पाणी मात्र पूर्वेला जाते. पंचगंगा इथे कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. मी हे म्हटले तेव्हा अण्णा नुसते “हं” म्हणाले आणि नदीच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे, पाहत राहिले.

दिवस मावळता मावळता आम्ही नावेत बसलो. पैलतीरी अमरेश्वराकडे जाऊन यावे, संगम पाहावा, आणि परतताना दिवे सोडावेत, असा बेत होता. नावेत आमच्याखेरीज दहा-बारा माणसे होती. पैलतीरावरच्या झाडीतून पौर्णिमेचा चंद्र वर आला. एका पोराने “चंद्र! चंद्र!” असे ओरडताच सगळी मंडळी त्या अंगाला वळली. नाव एकदम कलली.

“ओ पावणं, समदी एकदम एका अंगाला नगा येऊ!” नावाडी ओरडला. “चंद्र काय पळून जातूय व्हय? एकेकानं बघा की!”

अण्णा त्या दिवसात प्रथमच मोठ्याने हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, “ऐकलेस? याला कोणत्या शाळेत शिकवले?”

मग त्यांची आणि नावाड्याची गट्टी जमली. अण्णा नौदलातले असे कळताच तो २०१९ च्या महापुराविषयी सांगू लागला. त्या ऑगस्टात शिरोळ तालुक्यात पाण्याला अंत नव्हता. माणसे माळ्यांवर, गच्च्यांवर बसून होती. तेव्हा नौदलाची पथके रबरी होड्या घेऊन आली. “सायेब, ती पोरं समुद्रातली. पर एका येळंला एकच घर. एका घरातली माणसं काढली की मग फुडलं. हाका चारी बाजूंनी, पर ती गडबडली न्हाईत.” अण्णा ऐकत होते. त्यांचा चेहरा मला चंद्राच्या उजेडात नीट दिसत होता. ज्या नौदलात त्यांनी तोफा डागल्या, तेच नौदल या नदीत माणसे वेचावयाला आले, याचे त्यांना समाधान वाटले असावे.

“आमच्या ‘म्हैसूर’वर सहा इंची नऊ तोफा होत्या,” ते थोड्या वेळाने म्हणाले. “तीन बुरुज, प्रत्येकात तीन. एकेक गोळा पन्नास किलोच्या वर. नवाही तोफा एका बाजूला फिरवता येत. पण आम्हीही एकदम नऊ उडवीत नसू. आधी थोड्या. मग दुर्बिणीतून पाहायचे, पाणी कुठे उसळले? निशाणाच्या अलीकडे की पलीकडे? तेवढे माप बदलायचे आणि मग पुढचे. मास्तर, तोफ डागण्यात विशेष काही नाही. पाणी बघता आले पाहिजे.”

मी काही बोललो नाही. मला आमचे अंगण आठवत होते.

१९७४ च्या आषाढात आमचे वडील गेले. अण्णांची बोट तेव्हा मुंबईच्या गोदीत होती. तार केली होती. मुंबईहून मिरज एका रात्रीचा प्रवास. अण्णा आले ते तेराव्या दिवशी. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. थोरला मुलगा असून अग्नी मी दिला, दहावा मी केला. ते अंगणात पाऊल ठेवतात न ठेवतात तोच, साऱ्या पाहुण्यांदेखत, मी सुरू केले. तार मिळाली नाही का? मिळाली तर कुठे होतास? नोकरी बापापेक्षा मोठी झाली का? तुला लाज कशी वाटत नाही? आईकडे तोंड कसे दाखवणार आहेस? मी जे म्हणून साठवले होते ते एका दमात ओतले. अण्णा उभे होते तसे उभे राहिले. एका शब्दाने उत्तर दिले नाही. मला वाटले, उत्तर नाही म्हणूनच देत नाहीत. मी जिंकलो असे समजलो. त्यानंतर पन्नास वर्षे माझ्या सगळ्या तोफा रिकाम्या होत्या आणि मधे धूर होता.

नाव संगमाकडून परत फिरली. घाटावर दिवे लागले होते. पायऱ्यांच्या ओळी उजळत चालल्या होत्या; एक बाई आपल्या पणतीवर दुसरी पेटवी, तिच्यावर शेजारीण आपली. माझी यादी खिशात होती म्हणा ना. पहिला प्रश्न, दुसरा, पाचवा, सगळे ओळीने जामगी घेऊन उभे. पण त्यांतला एकही मी विचारला नाही. दुसराच विचारला.

“अण्णा, आज वाडीलाच का यावेसे वाटले?”

आणि मग मी पाणी पाहत राहिलो.

पुष्कळ वेळ गेला. वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता. नाव काठाला लागली, माणसे उतरली, आम्ही आमच्या पायरीवर येऊन बसलो, तेव्हा ते बोलू लागले.

“तार मिळाली त्याच रात्री निघालो. सकाळी मिरजेच्या स्टेशनावर उतरलो. तिथे ओळखीचे एकजण भेटले. म्हणाले, काल दुपारीच सारे आटोपले. माझे पाय घराकडे वळेनात. घरात पन्नास माणसे असतील. प्रत्येकजण विचारणार, उशीर का झाला? एकाला सांगता येते रे. पन्नासांना एकदम काय सांगू? एकाहत्तरच्या लढाईत जे भय वाटले नाही ते त्या स्टेशनावर वाटले. बाहेर वाडीची गाडी उभी होती. तीत जाऊन बसलो.”

“इथे?”

“इथेच. या पायरीवर नव्हे, ही तेव्हा पाण्यात होती. रोज एकदोन पायऱ्या बुडत. मी रोज वरच्या पायरीवर सरकायचो. दहाव्या दिवशी तू मिरजेच्या कृष्णाघाटावर पिंड दिलास ना? मी इथे पाण्यात उभा राहून तिळांजळी दिली. मला वाटले, पाणी तिकडूनच इकडे येते. तू दिलेस ते माझ्यापाशी पोचेल.”

मी शाळेत भूगोलही शिकविला आहे. कृष्णा मिरजेवरून वाडीला येते, हे मी पोरांकडून घोकून घेतले आहे. पण ते मला त्या रात्री समजले.

“हे तेव्हाच का सांगितले नाही?”

“तू विचारलेस कुठे? तू एकदम सगळे उडवलेस. कोणत्या गोळ्याला उत्तर देऊ?” ते रागाने बोलले नाहीत. हिशेब सांगावा तसे बोलले. “आईला सांगितले होते. तेराव्याच्या रात्री. कोणाला सांगू नकोस म्हणालो, म्हणून तिने तुलाही सांगितले नाही. तिने ऐकून घेतले आणि एकच विचारले.”

“काय?”

“वाडीला जेवत होतास का रे?”

एवढे सांगून अण्णांनी तोंड फिरविले. आमची आई जाऊन आता तीस वर्षे होतील. तिला लिहिता-वाचता बेताचेच येई. तोफ तिने कधी पाहिली नसेल. पण जो नेम पस्तीस वर्षे मास्तरकी करून मला साधला नाही, तो तिला साधला होता.

देवळात पालखीची वेळ झाली होती. टाळांचा आवाज आणि गर्दीची चाहूल वरून येत होती. अण्णा उठले नाहीत. उरलेल्या सहा पणत्या त्यांनी द्रोणांत ठेवल्या. मी वाती भिजविल्या. काडी ओढून मी सहाही दिवे लावावयास सरसावलो तर त्यांनी हात धरला.

“एकेक,” ते म्हणाले. “हा वडिलांचा. हा जाऊ दे जरा पुढे. मग आईचा लाव.”

पहिला द्रोण दोन-तीनदा गिरकी घेऊन धारेला लागला. तो पुढे गेल्यावर आम्ही दुसरा सोडला. मग तिसरा. सहावा सोडला तेव्हा पहिला पार संगमाच्या वळणाशी गेला होता आणि मधल्या पाण्यावर दिव्यांचा एक सर तयार झाला होता.

परत येताना अण्णा गाडीत झोपी गेले. समुद्र दिसत नसतानाही झोपले. माझ्या यादीतले पुष्कळ प्रश्न अजून तसेच आहेत. गेल्या वर्षभरात त्यांतले तीन विचारून झाले. दोनांची उत्तरे मिळाली. तिसऱ्याला अण्णा म्हणाले, “हे पुढच्या त्रिपुरीला. वाडीला.”

त्रिपुरी आता जवळच आली आहे. मी पणत्या आणून ठेवल्या आहेत.